जरासं बरं नाही

मिरजेला एम.बी.बी.एस. करताना ओपीडीत आम्ही जे ऐकले, त्याला नुसती तक्रार म्हणणे हा त्या वक्तृत्वाचा अपमान ठरेल. साध्या सर्दीसाठी आलेल्या आजीबाई "अंगात कसकस आहे, डोकं नुसतं ठणकतंय, तोंडाला चव नाही, जीव घाबराघुबरा होतोय" इथून सुरुवात करून थोरल्या सुनेच्या स्वभावापर्यंत पोहोचत, आणि सोबत आलेले चौघे गाळलेल्या जागा भरत. ऐकलेल्यातले निम्मे सोडून द्यायचे, हे आम्ही तिथेच शिकलो. तेवढ्या शिदोरीवर मी ऑस्ट्रेलियातल्या पश्चिम क्वीन्सलँडमध्ये आलो आणि पहिल्याच महिन्यात तोंडघशी पडलो.

येण्यामागे सेवाभाव होता असे सांगायला मला आवडेल. पण परदेशात शिकलेल्या डॉक्टरला मेडिकेअर या इकडच्या सरकारी आरोग्यविम्याचे पैसे मिळवायचे असतील, तर साधारण दहा वर्षे डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काढावी लागतात, हे खरे कारण. आमच्या गावात एक इस्पितळ, एक पेट्रोल पंप आणि दोन पब आहेत. माश्यांची मात्र टंचाई नाही. त्या वारण्यासाठी चेहऱ्यासमोर सतत हात हलवण्याला इकडे थट्टेने 'सलाम' म्हणतात. पहिले आठ दिवस सगळे गाव आपल्याला हात करते आहे अशा समजुतीने मीही प्रत्येकाला हसून हात करत होतो.

पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ समोर बसले आणि टोपी काढून म्हणाले, "डॉक, आय ॲम अ बिट क्रूक." क्रूक म्हणजे लबाड एवढेच मला ठाऊक होते. पहिल्या भेटीत इतक्या प्रांजळपणे कबुली देणारा माणूस मी सांगली जिल्ह्यात पाहिला नव्हता, म्हणून मी पुढचा तपशील ऐकायला सरसावून बसलो. पुढे काहीच आले नाही. इकडे क्रूक म्हणजे आजारी, आणि 'जरासे आजारी' म्हणजे अपेंडिक्स फुटलेले, हे मला त्यांचे पोट तपासल्यावर कळले.

तेव्हापासून मी रुग्णाचे शब्द सोडून किलोमीटर ऐकू लागलो. 'जरासे' म्हणणारा माणूस समोरच्या गल्लीतून आला असेल तर रक्तदाब तपासतो. दोनशे किलोमीटर स्वतः गाडी हाकत आला असेल तर आधी सलाईन लावतो आणि मग नाव विचारतो. दुखणे दहापैकी किती, हा प्रश्न मी सोडूनच दिला आहे, कारण इकडच्या लोकांना दोनच्या पुढचे आकडे शिकवलेले नसावेत.

फोनवर किलोमीटरचाही उपयोग होत नाही. गुरांच्या अफाट कुरणांना इकडे 'स्टेशन' म्हणतात. कित्येक स्टेशने आपल्या एखाद्या तालुक्याएवढी असतात. अशाच एका स्टेशनवरून रात्री साडेनऊला फोन आला. त्रास दिल्याबद्दल दोनदा माफी मागून झाल्यावर मालक म्हणाला, की दुपारी एक वळू त्याच्या अंगावर "थोडा रेलला". श्वास घेताना त्रास होतो का, असे मी विचारले.

"सारखा नाही, फक्त आत घेताना."

मी फोन बायकोकडे द्यायला सांगितले. ती म्हणाली, "तो दुपारी खुर्चीत बसला." एवढेच, पण लग्नाला एकतीस वर्षे झाली आणि दिवसाउजेडी तो कधी बसला नव्हता, हे तिने पुढे जोडताच मी विमानसेवेला फोन लावला. 1928 साली क्लोनकरीहून सुरू झालेली ही उडत्या डॉक्टरांची सेवा आजही अशा स्टेशनांवर औषधांची पेटी ठेवते. पेटीतल्या प्रत्येक औषधाला नंबर असतो, त्यामुळे नावांचे उच्चार न करता फोनवर अमुक नंबर द्या एवढे सांगून भागते. वेदनाशामकाचा नंबर मी सांगितला. आतल्या खोलीतून निरोप आला, की ते कोणाला खरोखरच दुखले तर लागेल, तेव्हा राहू द्या.

विमान उतरायचे तर धावपट्टीवर दिवे हवेत. ते नसतील तिथे डब्यांत रॉकेलमध्ये भिजवलेले टॉयलेट पेपरचे रोल ठेवून दोन्ही कडांना पेटवतात, आणि आधी गाडी पुढेमागे फिरवून कांगारू हाकलतात. नंतर कळले, की बायको कांगारूंच्या मागे असताना हे डबे मालकानेच पेटवले होते, तीन बरगड्या मोडलेल्या आणि एक फुप्फुस मिटलेले असताना. महिनाभराने भेटल्यावर मी त्याबद्दल रागावलो, तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "अर्धेच पेटवले, डॉक."

गेल्या जानेवारीत, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना, मला मुतखडा झाला. मध्यरात्री मी आमच्याच इस्पितळाच्या खाटेवर आडवा पडलो आणि परक्या भाषेत का होईना, मिरजेची सगळी परंपरा पणाला लावली. कमरेत कोणी सुरी फिरवत आहे, पोटात पीळ पडतो आहे, डोळ्यांपुढे काजवे चमकत आहेत, आईला फोन लावा, असे बरेच काही सांगितले. सिस्टरने मध्ये एकदाही न अडवता सगळे ऐकून घेतले, इंजेक्शन दिले आणि केसपेपर भरला. सकाळी बरे वाटल्यावर मी तो उघडून पाहिला. तक्रारीच्या रकान्यात तिने लिहिले होते, "डॉक्टर जरासे क्रूक."