फोटो छान आलेत, आता नाल्याचंही बोला

सकाळपासून प्रत्येक ग्रुपवर तेच फोटो फिरतायत. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. आधी तलाव जलपर्णीने गच्च, नंतर पाणी मोकळं, काठावर पोकलेन आणि पोकलेनपुढे पांढऱ्या कपड्यातली मंडळी, हातात एकेक रोप धरून. ग्लोव्हज कोरे करकरीत. खाली टाळ्या आणि जोडलेल्या हातांचा पाऊस.

संध्याकाळी मुद्दाम त्या बाजूने घरी आले. उपसलेली जलपर्णी काठावरच पडलीय, कमरेएवढा ढीग. पानं अजून हिरवी, मुळ्या काळ्याकुट्ट, त्यात शंख अडकलेले. आणि ढिगाखालून काळसर पाण्याची बारीक धार, उताराने सरळ परत तलावात. जे नत्र-स्फुरद खाऊन ही बया माजली, तेच कुजून पुन्हा तिच्याच ताटात. पलीकडच्या कोपऱ्यात नाल्याचं तोंड चालूच. फोटोत तो कोपरा नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

इथे मला आमच्या सोसायटीची एजीएम आठवते. घोडबंदर रोडवरची सोसायटी, मोठा गेट, कारंजं, ब्रोशरमध्ये ठळक अक्षरात एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट. मी विचारलं, एसटीपीचा ब्लोअर बंद का असतो? (त्याने सांडपाण्यात हवा सोडली नाही, तर ते नीट शुद्ध होत नाही.) खजिनदार अगदी शांतपणे म्हणाले, "ताई, लाइट बिल बघितलंत का? आणि पाणी काय आपल्याकडे थोडंच राहतं, नाल्यात जातं." सगळा हॉल हसला. मग लॉबीच्या टाइल्सवर घनघोर चर्चा झाली.

"नाल्यात जातं." बास, झालं. नाल्याच्या पुढे जगच नाही.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची, जांभळ्या फुलांच्या हौसेने आणलेली. देठ मोडून बघा, आत स्पंज, म्हणून तरंगते. ऊब आणि सांडपाणी मिळालं की पंधरवड्यात दुप्पट. पृष्ठभाग झाकला की खाली ऊन नाही, पाण्यात प्राणवायू नाही, मासे गुदमरतात, मुळ्यांत डासांची सोय. बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं, पंधरा-वीस वर्षंसुद्धा. म्हणजे आज तलाव अगदी नितळ केलात तरी तळाशी पुढची पिढी वाट बघत पडलेली आहे. तिला फक्त जेवण लागतं, आणि ते आपण रोज पाठवतो. संडासाचं, मोरीचं, वॉशिंग मशीनचं. वर निर्माल्य, आणि पुण्य म्हणून माशांना टाकलेले पाव. पवई घ्या, रंकाळा घ्या, पवना घ्या, गोष्ट तीच. उल्हास नदीचं तर काय बोलायचं! जिचं पाणी पितो तिच्यातच गावोगावचं सांडपाणी, आणि मग उन्हाळ्यात जलपर्णी बघून आश्चर्य.

काढायला नको असं म्हणत नाहीये. काढायलाच हवी, आणि पावसाआधी काढायला हवी, नाहीतर पुलाच्या खांबांना अडकून तुंबते. नीट उचलून लांब नेली तर तिच्याबरोबर थोडं नत्र-स्फुरदही बाहेर जातं, हेही मान्य. पण त्यासाठी त्याच दिवशी उचलायला हवी ना! तिच्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच. दोन दिवस पाण्यापासून लांब, उंच जागी पसरून सुकवलीत तर ट्रकच्या फेऱ्या कमी होतील. इतकं साधं गणित कंत्राटात का लिहीत नाहीत? कंत्राट दरवर्षी निघतं म्हणून? विचारलं तर आपणच नकारात्मक.

फवारणीवाले कमेंटमध्ये येतीलच, म्हणून आधीच सांगते. फवारलं की ती मरून तळाशी बसते, कुजते, उरलासुरला प्राणवायूही खाते. दिसेनाशी होते एवढंच. जलपर्णी खाणारे भुंगेरे आहेत, १९८० च्या दशकात बंगळूरकडे सोडले होते, कामही चांगलं झालं. पण त्यांना वेळ लागतो, आणि पाणी इतकं पौष्टिक असेल तर ते कुरतडतात त्याहून वेगाने ही वाढते. पुन्हा नाल्यापाशीच येतो आपण. आणि खजिनदारांपाशी.

खरं सांगू, त्या माणसावर आता तितका राग नाही. बिनपगारी काम, रोज कुणाची ना कुणाची तक्रार, मेंटेनन्स शंभर रुपयांनी वाढवला तर आपणच ग्रुपवर तलवारी काढतो. आणि छातीएवढ्या पाण्यात उतरून दोरीने जलपर्णी ओढणारी माणसं? उघड्या अंगाने, त्या घाणीत. ती एकाही फोटोत नाहीत. ग्लोव्हज त्यांना द्यायला हवे होते.

आमचा नाला खाडीला जातो, त्या तलावाला नाही, हे मला माहीत आहे. खाऱ्या पाण्यात जलपर्णी टिकत नाही, हेही. म्हणून खाडीत काहीही सोडायचं का? ठाणे खाडी २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, फ्लेमिंगोंबरोबर सेल्फी काढायला आपण सगळे जातो. आणि त्या तलावाच्या नाल्यावरही कुणाची तरी सोसायटी आहेच, तिथेही कुणीतरी खजिनदार हेच म्हणत असणार. एसटीपीतून सगळं नत्र-स्फुरद निघत नाही, ठीक आहे. पण ब्लोअर बंद ठेवून तर काहीच निघत नाही!

आमच्या सोसायटीतले जे वाचतायत त्यांच्यासाठी: एसटीपीला वेगळा सबमीटर लावा आणि त्याचं रीडिंग दर महिन्याला नोटीस बोर्डवर चिकटवा, असं मी कमिटीला लेखी दिलंय. ब्लोअर चालतो की नाही ते युनिटवरून कुणालाही कळेल. पत्रावर अजून सह्या हव्यात. लाइक नको, सही करा. पत्र माझ्या घरी आहे, रात्री नऊनंतर कधीही या.