घाम आला तरच खेळ का?

आज दुपारी ऑफिसात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचा विषय निघाला. क्रिकेट येतंय, स्क्वॉश येतंय, सगळे खूश. मी सहज म्हटलं, स्नूकर-बिलियर्ड्सला, म्हणजे टेबलावर लांब काठीने बॉल मारायच्या खेळांना, कधी घेणार? तर एक साहेब हसत म्हणाले, "अगं, त्यात घाम तरी येतो का?" तेव्हा मीही हसून सोडून दिलं, पण घरी आल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून टाइप करतेय.

घाम! मग नेमबाजीत किती येतो? घोडेस्वारीत तर निम्मा घोड्यालाच येतो. कर्लिंगमध्ये बर्फावर दगड सरकवतात आणि पुढे झाडू मारत धावतात, त्याला १९९८ पासून हिवाळी ऑलिम्पिकची मेडलं आहेत (मला ते बघायला आवडतं, तो भाग वेगळा). कॉमनवेल्थमध्ये लॉन बोल्स (हिरवळीवर गोळे घरंगळवायचे) १९३० पासून, आणि स्नूकर, जे ब्रिटिश अफसरांनीच १८७५ ला जबलपूरच्या मेसमध्ये काढलं, ते तिथे कधीच नाही. आता बोला.

माझा दादा स्नूकर खेळायचा. एका फायनलची शेवटची फ्रेम (म्हणजे डाव), टेबलावर फक्त ब्लॅक बॉल उरलेला, तोही कुशनला, म्हणजे टेबलाच्या काठाला, चिकटून, आणि ज्याने मारायचं तो पांढरा पार दुसऱ्या टोकाला. मी स्कोअर लिहायला बसले होते. दादा वाकला, उठला, चॉक लावला, परत वाकला. एसी फुल होता आणि त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला मला दिसत होता. ब्लॅक गेला आत. पण त्या साहेबांना हे कुठे सांगत बसू, त्यांना फक्त धावताना येतो तोच घाम माहीत.

आणि खरा राग त्यांच्यावर नाहीच माझा. राग आहे तो खेळ ठरवणाऱ्यांवर. एशियन गेम्समध्ये १९९८ ला बँकॉकला क्यू स्पोर्ट्स (स्नूकर, बिलियर्ड्स, पूल असे काठीचे सगळे खेळ) आले, आपल्या अशोक शांडिल्य आणि गीत सेठींनी बिलियर्ड्स डबल्सचं गोल्ड आणलं. २००२ ला बुसानला डिंग जुनहुई नावाचा १५ वर्षांचा चिनी पोरगा स्नूकर सिंगल्सचं गोल्ड घेऊन गेला. २००६ दोहा, २०१० ग्वांगझू, दोन्हीकडे आपला पंकज अडवाणी बिलियर्ड्समध्ये पहिला. ग्वांगझूत तर भारताचं पहिलं गोल्डच त्याचं होतं! तेव्हा तो २५ चा. आणि मग? मग ग्वांगझूतले एकूण ४२ खेळ फार झाले म्हणून पुढच्या वेळी कात्री लागली, त्यात क्यू स्पोर्ट्स गेले. इंचॉन नाही, जकार्ता नाही, हांगझोऊ नाही. दोनदा जिंकलेल्या माणसाला पुढची तीन एशियाड टायटल राखायला टेबलच मिळालं नाही, ही काय पद्धत झाली?

दादाला हे कळलं त्या दिवशी तो प्रॅक्टिसलाच होता. तोच ब्लॅक, कुशनवरचा, पुन्हा पुन्हा लावत होता. मी सांगितलं तर म्हणाला, "मग आता काय, बंदूक घेऊ का?" आणि शॉट मारला. तेव्हा मला हसू आलं होतं. आज येत नाहीये. तो काही अडवाणी नव्हता, मला माहितीये, एशियाडला पोचलाही नसता कदाचित, पण पोचण्यासारखं काही समोर असणं आणि नसणं यात फरक असतो की नाही?

वर हांगझोऊला ई-स्पोर्ट्सला मेडलं! ब्रिजला मेडलं! ब्रिज म्हणजे पत्ते, बसून खेळतात हो. त्या पोरांशी माझं भांडण नाही, खेळा, जिंका, पण मग घामाचा नियम फक्त आम्हालाच का?

हां, वर्ल्ड गेम्समध्ये (ऑलिम्पिकमध्ये नसलेल्या खेळांची स्पर्धा) आमचा खेळ २००१ पासून आहे, मान्य. आग्नेय आशियाई देशांच्या सी गेम्समध्येही आहे, २०१९ ला फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसने ६५ व्या वर्षी घरच्या प्रेक्षकांसमोर कॅरममध्ये ब्राँझ घेतलं (आपला सोंगट्यांचा नव्हे, बिनखिशाच्या टेबलावरचा). ६५! दुसऱ्या कुठल्या खेळात बघायला मिळतं हे? पण वर्ल्ड गेम्स बघतो कोण, आपल्यातल्या किती जणांना तो असतो हेच माहीत होतं?

आणि थोडं आपल्या लोकांनाही सुनावायला हवं. ऑलिम्पिक समितीने क्यू स्पोर्ट्सना १९९८ लाच मान्यता दिली, पॅरिस २०२४ साठी रीतसर प्रयत्नही झाला, आत गेलं ब्रेकिंग, म्हणजे ब्रेकडान्स. का नाही जाणार? आमचे स्नूकरवाले, पूलवाले, कॅरमवाले, तिघांची टेबलं वेगळी, नियम वेगळे, आणि प्रत्येकाला आपलाच खेळ खरा वाटतो. यजमानांनी तीन प्रकारची टेबलं मांडायची का? एकच पाठवा ना. मला विचाराल तर नाइन-बॉल (नऊ बॉलचा पूल) पाठवा, रॅक, म्हणजे एक डाव, पटकन संपतो, टीव्हीवर बघणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत कळतं काय चाललंय. स्नूकरवाले चिडतील. चिडू देत, दादा तर आधी चिडेल, त्याला टॅग करतेय.