किड्यांना खायला काय घालता, सगळं तिथेच अडतं (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार, किडे पाळून त्यातून प्रोटीन मिळवण्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनतीनदा वाचली आणि उत्तर लांबलं तरी चालेल असं ठरवूनच लिहायला बसलोय. तुमचं म्हणणं असं की किडे खाणं हे पोट भरलेल्यांचं फॅड आहे, उद्या ते गरिबाच्या ताटात ढकलतील, आणि "कचऱ्यापासून प्रोटीन" ही शुद्ध थाप आहे.

फॅडचं मला अजिबात पटलं नाही. थायलंडमध्ये हजारो शेतकरी रातकिडे पाळतात, मेक्सिकोत नाकतोडे भाजून त्यावर लिंबू पिळून खातात, आफ्रिकेच्या दक्षिणेकडे मोपाने अळी वाळवून वर्षभर ठेवतात, आणि हे सगळं लोक आवडीने, पैसे मोजून खातात. आपल्याला किळस येते म्हणून त्यांचं जेवण फॅड होत नाही ना. गरिबाच्या ताटाबद्दलची तुमची भीती मात्र समजते. खाणाऱ्याला न सांगता पिठात मिसळणं मलाही मान्य नाही, शिवाय कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्याला किड्यांचाही त्रास होऊ शकतो, त्यामुळे पाकिटावर स्पष्ट लिहायलाच हवं.

आता कचऱ्याचं. इथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. "किड्यांना काहीही घाला, प्रोटीन तयार" असं मी लिहिलं होतं आणि ते चूक आहे. 2015 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी रातकिड्यांवर हेच करून पाहिलं, प्रक्रिया न केलेलं खरकटं किंवा पेंढा घातला तर जवळपास सगळे मेले, आणि कोंबडीखाद्यासारखं चांगलं खाद्य घातलं तेव्हा छान वाढले पण प्रोटीनच्या हिशोबात कोंबडीपेक्षा फार काही पुढे गेले नाहीत. मग कोंबडीचंच खाद्य किड्याला घालून तो किडा कोंबडीला घालायचा, यात मिळवलं काय?

पण सगळे किडे रातकिड्यासारखे नाजूक नसतात हो. ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या काळ्या माशीच्या अळ्या मी एका टबात पाळल्यात. भाज्यांची देठं, सडकी फळं टाकली की सगळ्या एकदम तुटून पडतात, वर हात धरला तर ऊब लागते आणि कान जवळ नेला तर बारीक पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. वाढ पुरी झाली की अळी काळपट होते आणि कोरडी जागा शोधत स्वतःच टबाबाहेर चढून येते, कडेला उतार करून खाली डबा ठेवला की काम झालं, चाळणी लागत नाही.

माझा सगळा जीव या अळीत अडकलाय, तोही माणसाच्या ताटासाठी नाही तर मासे आणि कोंबड्यांसाठी. पेरू देशाच्या समुद्रातून अँचोव्ही हे छोटे मासे उपसून त्यांचं फिशमील, म्हणजे वाळवून केलेली पूड, करायचं आणि ते पाळलेल्या माशांना घालायचं, त्यातला थोडा भाग जरी या अळीने भरून काढला तरी मला पुष्कळ आहे. युरोपने मॅड काऊ या गुरांच्या मेंदूच्या रोगाच्या धसक्याने प्राण्यांचं प्रोटीन जनावरांच्या खाद्यात बंद केलं होतं, त्यातून किड्यांना माशांसाठी 2017 मध्ये आणि कोंबड्या-डुकरांसाठी 2021 मध्ये वाट मिळाली. गंमत नाही, खरी अडचण पुढे आहे, कारण तिथे पाळलेला किडा कायद्याने गुराढोरांसारखाच धरतात, म्हणून हॉटेलातलं खरकटं किंवा शेण त्याला घालता येत नाही, आणि मग पुन्हा कोंडा नि धान्याचा चुरा, जो कोंबडीनेही खाल्ला असता. रोगाची भीती खोटी नाही, पण भाजीमार्केटात फेकून दिलेल्या पाल्याला ती नियमावलीही अडवत नाही, सुरुवात तिथून व्हावी असं माझं मत आहे.

मूळ लेखातला "काहीही" आज काढलाय, त्याजागी "कोणत्या किड्याला काय" असा वेगळा परिच्छेद टाकलाय. तो वाचून अजून कुठे खटकलं तर नक्की लिहा.