माग थांबवण्याचा हक्क

नारायण मूर्तींनी 2023 मध्ये तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायला सांगितलं, तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर तासांवरून वाद चालू आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत दादाचा टॉवेलचा कारखाना आहे. तो म्हणतो, "नजर हटली की माग सोडून चहाला जातात, म्हणून कॅमेरे लावले." त्याची अडचण खरी आहे. चांगला कामगार मिळत नाही आणि निर्यातीचा माल एका डागावरून नाकारला जातो. पण कॅमेऱ्याला फार तर माणूस जागेवर आहे की नाही एवढंच कळतं.

मी नागोयाजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो. टोयोटाच्या जुळणीच्या लाइनवर अडचण दिसली की कुठलाही कामगार दोर ओढू शकतो. टीम लीडर लगेच येतो, आणि गाडी ठरलेल्या जागेपर्यंत पोहोचेतो अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. आमच्याकडे दोराच्या जागी बटण आहे. बटण दाबलं म्हणून कुणी ओरडत नाही, त्यामुळे नवखी पोरंसुद्धा हळूहळू स्वतःहून सुधारणा सुचवायला लागतात. आणि ही पद्धत आली कुठून? मागावरून! टोयोटा उद्योगसमूहाचे मूळ संस्थापक साकिची तोयोदा यांचा 1924 चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा.

सोलापुरात मजुरी नगावर. माग थांबला की मजुरी थांबली. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, येईपर्यंतचा वेळ कामगाराच्या खिशातून जातो, वर डाग निघाला तर कपातही त्याचीच. मग बिघाड दिसला तरी तो रेटून नेणारच. बिडी कारखान्यात छाट काढतात, म्हणजे खराब म्हणून बिड्या नाकारतात, तेव्हा वळणाऱ्या बाईला तरी कोण विचारतं, पानच खराब होतं का म्हणून? ज्यांचा शब्द कुणी धरत नाही, त्यांनी पुढाकार घ्यावा ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

जपान काही स्वर्ग नाही. इथे अतिकामाने माणसं मरतात, ते रोखायला 2014 मध्ये कायदा करावा लागला. त्यामुळे हा गुण जपानी रक्तातला आहे असं मी मानत नाही. कामगाराने खरं सांगितलं तर त्याचं नुकसान होणार नाही, अशी व्यवस्था इथल्या काही कारखान्यांनी लावली आहे, आणि ती सोलापुरातही लावता येईल.

दादाला मी म्हटलंय, कॅमेरे राहू देत. फक्त एका शेडमध्ये तीन महिने, जॉबरची वाट बघण्यात जाईल त्या वेळेची सरासरी मजुरी दे, आणि बिघाड स्वतःहून सांगणाऱ्याची कपात करू नकोस. मग परत येणारा माल मोज, आधीच्या तीन महिन्यांशी ताडून बघ.