झाकल्या मुठीलाही व्याज लागतं

तुमची प्रतिक्रिया मी चार वेळा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, म्हणून दोन दिवस थांबले. आता सावकाश लिहितेय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कर्जात बुडालेल्या माणसानं एकटं राहू नये, जवळच्या एका तरी माणसाला सगळं सांगावं, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: "आशा, आधार असल्या शब्दांनी कर्ज फिटत नाही, पैशानं फिटतं. अंथरूण पाहून पाय न पसरणाऱ्यांना तुम्ही गोंजारताय. ज्यांनी विश्वासानं पैसे दिले त्यांच्याबद्दल अख्ख्या लेखात एक ओळ नाही. माझा चुलतभाऊ दोन वर्षं माझा फोन उचलत नाही. अशा माणसाला लाज वाटायलाच हवी."

एक आरोप सरळ मान्य. पैसे देणाऱ्याबद्दल मी खरंच काही लिहिलं नव्हतं, आणि लिहायला हवं होतं. उसने देणाऱ्याच्या घरातही त्या पैशाची गरज असते. समोरचा फोन उचलत नाही तेव्हा पैसे तर अडकतातच, वर आपण विश्वास ठेवून मूर्ख ठरलो ही टोचणी वेगळी. तुमची दोन वर्षं कशी गेली असतील याची मला थोडी कल्पना आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

लाजेबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला पटत नाही. तुमचा चुलतभाऊ फोन का उचलत नाही हे मी सांगू शकत नाही, मी त्याला ओळखत नाही. मी का उचलत नव्हते, ते सांगते.

माझ्यावर सात कर्जं होती. काम बंद पडलं होतं, ते मी घराबाहेर कुणाला कळू दिलं नाही आणि खर्च आधीसारखाच चालू ठेवला. यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. पहिल्याचा हप्ता चुकायला लागला तसं दुसरं काढलं, दुसऱ्यासाठी तिसरं. याची टोपी त्याच्या डोक्यावर. सातातली तीन नवऱ्याला माहीतच नव्हती. आणि एक होते मावसबहिणीकडून घेतलेले उसने. मी तिला ताई म्हणते. 'दोन महिन्यांत देते' असं तिला सांगितलं होतं. दोनाचे चार झाले. तिचा पहिला फोन आला तेव्हा मी उचलला आणि पुढची तारीख दिली. दुसऱ्या फोनलाही दिली. तिसऱ्यांदा द्यायला तारीखच उरली नव्हती, म्हणून फोन वाजू दिला. त्यानंतर आठ महिने मी तिचा फोन घेतला नाही.

या आठ महिन्यांत लाज पुरेपूर वाटत होती. फोन मी पालथा ठेवायचे. नातलगांत ती येणार असेल तिथे जायची नाही. कर्ज देणाऱ्यांची पत्रं यायची, ती न फोडता टेबलाच्या खालच्या खणात टाकायची. पुढे पुढे तो खण नीट बंद होईना. लाज थोडी कमी असती तर मी ताईला पहिल्याच फोनवर म्हटलं असतं, 'ताई, पैसे नाहीत गं माझ्याकडे.' त्या एका वाक्याला मला आठ महिने लागले.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपण लहानपणापासून ऐकतो. अब्रूच्या बाबतीत ते खरंही असेल. कर्जाच्या बाबतीत मुठीत झाकलेल्या आकड्यालाही व्याज लागतं.

तुम्ही म्हणता कर्ज पैशानं फिटतं. मग पैशाचंच बोलू. समजा १०० बाकी आहे आणि महिन्याला ३ टक्के व्याज. ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. व्याजावर व्याज धरलं तर वर्षाचा दर ४२ टक्क्यांच्या वर जातो आणि काहीच भरलं नाही तर दोन वर्षांत १०० चे २०० होतात. उशिराचा दंड वेगळा. आता समजा तुम्ही दरमहा किमान रक्कम भरताय, म्हणजे जेवढी बाकी असेल तिच्या ५ टक्के. नवा खर्च एकही नाही. पहिल्या महिन्यात ५ भरले, त्यातले ३ व्याजात गेले, बाकी राहिली ९८. पुढच्या महिन्यात भरणा ५ पेक्षा थोडा कमी, कारण बाकीही थोडी उतरली. असं करत ३१ महिने गेले, साधारण ११६ भरून झाले, तरी ५३ शिल्लक असतात. उलट पहिल्या महिन्याचे ते ५ धरून ठेवले आणि बाकी कितीही उतरली तरी दरमहा ५ च भरले, तर त्याच ३१ महिन्यांत १५५ भरून कर्ज संपतं. सुरुवात दोन्हीकडे ५ चीच. फरक एवढाच की एकानं कागद घेऊन हिशोब केला आणि दुसरा पत्रात छापलेली किमान रक्कम भरत राहिला.

मला चक्रवाढ व्याज येत होतं हो. शाळेपासून येत होतं. पण हिशोबाला बसायचं तर आधी पाकिटं फोडायला हवीत, आणि नेमकं तेच माझ्याच्यानं होत नव्हतं.

हे फक्त माझंच नाही, असं मी का म्हणते तेही सांगते. २०१९ साली सिंगापूरमधल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी उत्पन्नाच्या, जुनी थकबाकी असलेल्या लोकांची बरीचशी कर्जं एका धर्मादाय संस्थेनं एकदम फेडून दिली होती. फेडण्याआधी आणि काही महिन्यांनंतर त्याच लोकांच्या चाचण्या घेतल्या. नंतरच्या वेळी त्यांची चिंता कमी झाली होती आणि लक्ष एकवटून करायच्या कामात चुकाही कमी होत होत्या. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पुढचं: फिटलेली रक्कम सारखीच असली, तरी ज्यांची जास्त खाती बंद झाली त्यांच्यात सुधारणा जास्त होती. म्हणजे डोक्यावर किती आहे याच्याइतकंच ते किती ठिकाणी आहे याचंही ओझं होतं. हिशोबानं पाहिलं तर सर्वांत जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडणं स्वस्त पडतं. तरी मी सांगेन की एक-दोन बारकी खाती आधी बंद करून टाका, मग जड व्याजाकडे वळा. थोडं जास्त व्याज जाईल, पण डोकं चालायला लागतं.

आता ताईबद्दल. नवव्या महिन्यात ती न सांगता घरी आली. मी दार उघडलं आणि रडायला लागले. तिनं मला रडू दिलं, पण फार वेळ नाही. म्हणाली, "कागद कुठेत?" खालचा खण तिनंच ओढून काढला आणि जमिनीवर पालथा केला. पाकिटं ती फोडत होती आणि मी तारखेप्रमाणे लावत होते. एका रेघांच्या वहीत तिनं रकाने पाडले: कुणाचे, मुद्दल किती उरलं, व्याज किती, किती हप्ते थकले, काय गहाण आहे, जामीन कोण. चौथं की पाचवं पाकीट फोडून ती गप्प बसली आणि मग माझ्या हातात दिलं. सातातल्या सर्वांत मोठ्या कर्जाचं पत्र होतं. अडचण असेल तर तीस दिवसांत लेखी कळवा, हप्ता कमी करून मुदत वाढवून देऊ, असं त्यात लिहिलं होतं. पत्राला अडीच महिने होऊन गेले होते. कुणाला फोन करायची हिंमत होत नाही म्हणून मी रात्र रात्र जागत होते, आणि ज्यांना करायचा त्यांचंच हे पत्र माझ्या खणात पडून होतं.

याला तुम्ही गोंजारणं म्हणाल का? ताईनं मला त्या संध्याकाळी भरपूर सुनावलं. खर्चाची एकेक नोंद विचारली. नवऱ्याला समोर बसवून मला ती तीन नावं उच्चारायला लावली, आणि ते माझ्या आयुष्यातलं सर्वांत अवघड बोलणं होतं. दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर, स्पीकर चालू ठेवून, मला एकेका कर्जवाल्याला फोन करायला लावला. दोघांनी काहीही ऐकून घेतलं नाही. बाकीच्यांनी ऐकलं. ज्यांची मुदत टळली होती त्यांनीही नवा अर्ज घेतला, हप्ता खाली आणला. मी आधार म्हणते तो हा. माझ्या वाटचे पैसे तिनं भरले नाहीत. मी ज्या आकड्याकडे बघू शकत नव्हते त्याच्याकडे ती माझ्याबरोबर बसून बघत होती, आणि ती उठून गेली नाही.

१९७६ साली न्यूयॉर्कमध्ये 'डेटर्स अनॉनिमस' नावाचा एक गट सुरू झाला. कर्जात अडकलेल्या लोकांनीच चालवलेला. त्यांच्यात एक पद्धत आहे: नव्या माणसाबरोबर दोन जुने सदस्य बसतात, त्याचे जमाखर्चाचे आकडे समोर घेतात आणि पुढे काय करायचं ते त्याच्याबरोबर ठरवतात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ताईची वहीच आठवली. ज्यांच्याकडे अशी ताई नाही त्यांनी असा गट शोधावा, किंवा फी न घेणारा, कुठल्याच कर्ज कंपनीशी बांधलेला नसलेला सल्लागार. 'आधी फी भरा, कर्ज निम्मं करून देतो' म्हणणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. बुडणाऱ्याच्या हातातली शेवटची काडी तोच काढून घेतो. आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर वही, हिशोब सगळं बाजूला ठेवा. आजच, आत्ताच एका माणसाला सांगा, डॉक्टरला सांगा, नाहीतर तुमच्या देशातल्या मदतीच्या फोनवर बोला. कर्जाची मुदत वाढवून घेता येते, हप्ता बदलता येतो, बहुतेक देशांत दिवाळखोरीचा कायदाही आहे. यातलं काहीही करायला माणूस असावा लागतो.

लाजेचा प्रयोग जगानं करून पाहिलेला आहे. इंग्लंडमध्ये कर्ज थकलं की माणसाला कैदेत टाकत. लंडनच्या फ्लीट आणि मार्शलसी या तुरुंगांत तर कैद्यालाच कोठडीचं भाडं आणि तुरुंगाची फी द्यावी लागे. कमाई बंद आणि देणं वाढतं. बेअब्रू याहून जास्त काय करणार? १८६९ च्या कायद्यानं तिथली ही कैद जवळजवळ बंद झाली. आणि सवलत हे आजकालचं लाडावणं आहे असंही नाही. हम्मुराबीच्या संहितेत, म्हणजे पावणेचार हजार वर्षांपूर्वी, ४८ वं कलम आहे: पुरानं शेत वाहून गेलं किंवा पाण्याविना पीक आलं नाही, तर त्या वर्षी ऋणकोनं धान्य देऊ नये, कराराची मातीची पाटी भिजवून बदलावी आणि त्या वर्षाचं व्याजही देऊ नये. ही संहिता हळवेपणासाठी प्रसिद्ध नाही. धनकोला पुढच्या वर्षी काही मिळायचं तर शेतकरी शेतावर टिकला पाहिजे, एवढं तिला कळत होतं.

तुमच्या प्रतिक्रियेत न विचारलेला एक प्रश्न मला दिसला, आणि एवढं लांब लिहिण्याचं खरं कारण तोच आहे. तुम्हाला पैसे परत हवेत, आणि भाऊही परत हवाय. नसता, तर दोन वर्षांनीही फोन लावत राहिला नसतात.

माझ्या ताईनं त्या वहीत सर्वांत शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं आणि व्याजाच्या रकान्यात रेघ ओढली. तुम्ही तसंच करावं असं मी म्हणणार नाही. तिला ते परवडत होतं, तुम्हाला परवडेलच असं नाही. तुम्ही माफ करावं, सूट द्यावी, पुन्हा पैसे द्यावे, यातलं काहीच मी सुचवत नाही. तुमचे पैसे तुम्हाला मिळायलाच हवेत. मात्र 'कधी देतोस?' हा प्रश्न थोडे दिवस बाजूला ठेवा. त्या प्रश्नाला तारीख द्यावी लागते, आणि त्याच्याजवळ ती नसणार. आकडा विचारा. फोनही करू नका, लिहा. लिहिलेलं रात्री एकट्यानं चार वेळा वाचता येतं, त्याला त्याच क्षणी उत्तर द्यावं लागत नाही.

मला कुणी लिहिलं असतं आणि मी उत्तर दिलं असतं, असा निरोप मी तुमच्यासाठी लिहून पाहिलाय. शब्द तुमचे करून घ्या:

"माझ्या पैशांसाठी तुझ्यावर रागावलोय, ते खोटं बोलत नाही. पण आज पैसे मागायला लिहीत नाहीये. तुझ्यावर एकूण किती जणांचे किती आहेत, तेवढं एका कागदावर लिही. माझेही त्यात लिही. रविवारी दुपारी मी येतो. पत्रं, पाकिटं, जे असेल ते काढून ठेव, फोडलेली नसतील तरी चालतील. दोघं बसून फोडू."