एलईडी आली तेव्हा रापणकराला कोणी विचारले?

आमच्या मालवणच्या किनाऱ्यावरून रात्री समुद्राकडे पाहिले की कधी कधी क्षितिजावर दिवाळी दिसते. जनरेटरवर चालणारे प्रखर दिवे पाण्यावर सोडायचे, त्या उजेडाला मासळी गोळा झाली की तिच्याभोवती पर्ससीन जाळे फिरवायचे आणि तळाची दोरी आवळायची, अशी ही एलईडी मासेमारी. केंद्र सरकारने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये तिच्यावर बंदी घातली. पण रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून मासे पकडणारे, आणि छोटे होडीवाले त्याच्या कितीतरी आधीपासून ओरडत होते. तंत्र आले, कर्जे काढून झाली, जाळी पाण्यात उतरली आणि मग परिणामांची चर्चा सुरू झाली.

मोठ्या प्रकल्पाआधी लोकांचे म्हणणे ऐकायला जनसुनावणी असते, हे मला मान्य आहे. पर्यावरणावरील परिणामांच्या मूल्यांकनाविषयीच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार तिची ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. अशाच एका सुनावणीत मासे विकणाऱ्या एका काकींनी विचारले, "गरम पाणी सोडतले, मगे खाडीतले तिसरे जगतले काय?" (तिसरे म्हणजे खाडीतले शिंपले.) इतिवृत्तात त्याचे झाले, "मत्स्यव्यवसायाबाबत शंका उपस्थित करण्यात आली." नेमका प्रश्न होता, त्याची शंका झाली, आणि शंकेचे निरसन करायला एक परिच्छेद पुरतो.

डेन्मार्कमध्ये १९८७ साली जनुकीय तंत्रज्ञानावर सामान्य नागरिकांची परिषद भरवली गेली. या पद्धतीत पंधराएक माणसे आधी विषय समजून घेतात, तज्ज्ञांना कोणते प्रश्न विचारायचे ते स्वतः ठरवतात आणि शेवटी अहवालही स्वतःच लिहितात. आपल्याकडे बीटी वांग्यावर, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या वांग्यावर, २०१० मध्ये सात शहरांत जाहीर चर्चा झाल्या, त्यात नागपूर होते, आणि ९ फेब्रुवारीला त्या वांग्याला स्थगिती मिळाली. (कोकणातल्या माणसाला नागपूर म्हणजे जवळजवळ परदेशच, पण ते असो.)

सामान्यांना यातले काय कळते, असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की रापणकराला दिव्याचे वॅट कळत नसतील, पण बांगडा किनाऱ्याला कधी लागतो आणि कधीपासून लागेनासा झाला, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नाही. अर्थात मच्छीमार म्हणजे एकमुखी समाज नव्हे; पर्ससीनवाला आणि रापणकर यांचे हितसंबंध सरळ विरुद्ध आहेत. म्हणूनच अशा नागरिक परिषदेत पुढाऱ्यांनी निवडलेली माणसे नकोत, चिठ्ठ्या टाकून निवडावीत.

जानेवारी २०२५ पासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोनची गस्त सुरू केली आहे. अवैध मासेमारी थांबणार असेल तर मला ती हवीच आहे. पण ते चित्रण किती दिवस ठेवणार, किनाऱ्यावर जाळी विणत बसलेली माणसेही त्यात येणार का, आणि राज्याची हद्द संपते त्या १२ सागरी मैलांपलीकडे दिवे लावून उभ्या असलेल्या बोटीचे काय करणार? हे विचारायला आमच्या वाडीत अजून एकही बैठक झालेली नाही.