'मॅनेजरना विचारून येतो'

आज दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर एका सहकारी मुलीने साधा प्रश्न टाकला. इलेक्ट्रिक गाडी घ्यायची आहे, डीलर किती सूट देतात, कशी मागायची? बास, एवढंच. त्यावर आमच्या तमाम शूरवीरांनी जे तारे तोडले ते वाचून माझं डोकंच फिरलं. 'मधेच उठून निघायचं नाटक करायचं.' 'गाडी आवडलीय हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही.' 'मी तर त्याला रडकुंडीला आणला होता.' आणि सगळ्यात जास्त अंगठे मिळालेला सल्ला: 'एकटी जाऊ नकोस, नवऱ्याला नाहीतर भावाला घेऊन जा.'

मी भाऊ आहे. मी गेलो होतो. ऐका आता.

गाडी ताईला घ्यायची होती. पैसे तिचे, लायसन्स तिचं, निर्णय तिचा. तिची उभी नोकरी विजेच्या कामात गेली आहे. किलोवॅट (वीज किती वेगाने जाते) आणि किलोवॅट-अवर (एकूण किती वीज) यातला फरक ती झोपेतून उठवून विचारला तरी सांगेल. मी सोबत गेलो ते निव्वळ नव्या गाडीचा वास घ्यायला. आत पाऊल टाकल्यापासून सेल्समन माझ्याशी बोलतोय. ताईने विचारलं, फास्ट चार्जिंगला बॅटरी दहा टक्क्यांवरून ऐंशीवर जायला किती वेळ लागतो आणि जाहिरातीतला चार्जिंगचा वेग त्यातला किती वेळ टिकतो? तो माझ्याकडे बघून म्हणाला, 'सर, एकदम फास्ट होते.' ताईने विचारलं, घरच्या विजेवर (एसी करंटवर) बॅटरी भरणारा गाडीतला चार्जर सात किलोवॅटचा की अकराचा? त्याने माझ्या हातात रंगांचं कार्ड दिलं.

मग सूट किती हा विषय निघाला आणि ते जगप्रसिद्ध वाक्य आलं. 'मॅनेजरना विचारून येतो.'

हे नाटक तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. काचेची केबिन, आत दोघं मान हलवतायत, आपण बाहेर बसून त्यांच्या ओठांकडे बघतोय. बाहेर येताना त्याचा चेहरा असा, की जणू आपल्यासाठी त्याने आत नोकरी पणाला लावली. आणि हातात काय? मॅट, सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा चकचकीत थर), आणि 'सर, तुमच्यासाठी स्पेशल' अशी एक रक्कम, जी पुढच्या टेबलावरच्या माणसासाठीही तितकीच स्पेशल असते. ताई म्हणाली, मॅट नको, कोटिंगही नको, तेवढे पैसे कमी करा. तर म्हणे, 'मॅडम, ते सिस्टिममध्ये होत नाही.'

का होत नाही? कारण मॅट आणि कोटिंगची किंमत कागदावर मोठी आणि डीलरच्या खिशाला लहान असते. तुमच्या नावावर पाच दाखवायचे आणि स्वतःचे दोन घालवायचे. रोख सूट दिली की पाचाला पाचच जातात. एवढं साधं गणित आहे आणि त्याला हे लोक सिस्टिम म्हणतात.

माझं म्हणणं एकच आहे. एकच गाडी, एकच रंग, एकच दिवस, आणि दोन माणसांना दोन भाव, हे मुळात चुकीचं आहे. ज्याची जीभ लांब त्याला स्वस्त, जो सरळ विचारतो त्याला महाग. आणि तुम्ही ज्या सवलतीची फुशारकी मारता ना, ती डीलरने पदरचं दिलेलं दान नसते. महिन्याचा हिशेब त्याला जुळवायचाच असतो. तुमची सूट तो कोणाकडून तरी वसूल करतो. कोणाकडून? जो संकोची आहे, ज्याला घाई आहे, जो पहिल्यांदाच गाडी घेतोय त्याच्याकडून. ग्रुपवर प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीकडून.

हे काही मला एकट्याला सुचलेलं शहाणपण नाही. अमेरिकेत १९५८ सालीच कायदा झाला की प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कंपनीने सुचवलेली किंमत तपशीलवार चिकटवायची. मनरोनी नावाच्या सिनेटरने तो आणला, म्हणून त्या कागदाला अजून त्याच्याच नावाने ओळखतात. आता तुम्ही म्हणाल, मग प्रश्न सुटला. कुठला सुटतोय! कागद काचेवर आणि खरा भाव केबिनमध्ये. तिथल्याच एअर्स आणि सीगलमन या दोन अभ्यासकांनी आपली माणसं गिऱ्हाईक म्हणून शोरूममध्ये पाठवली आणि १९९५ साली निष्कर्ष छापले. सगळ्यांना एकच संवाद पाठ करून दिलेला, भाव करायची पद्धतही तीच. तरी गोऱ्या पुरुषांना सगळ्यात कमी भाव सांगितला गेला, बायकांना आणि काळ्या गिऱ्हाइकांना जास्त. संवाद एकच होता, हे पुन्हा वाचा. म्हणजे 'तुला बोलता येत नाही' हेसुद्धा खोटंच. बोलता येऊनही उपयोग नसतो.

आमच्याकडे तर त्याचा पुरावा पार्किंगमध्येच मिळाला. ताई पुढे गेली होती. तो सेल्समन माझ्या मागे आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, 'सर, तुम्ही बोलला असतात तर अजून थोडं झालं असतं.'

मी बोललो असतो तर! मला बॅटरीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मी आख्ख्या वेळात विचारलेला एकमेव प्रश्न म्हणजे सनरूफ उघडतं का.

आता मला सांगा, या पद्धतीचं कौतुक कसं करायचं?

इलेक्ट्रिक गाडीत तर हा खेळ आणखी गढूळ झालाय. पेट्रोलची गाडी वर्षभर पडून राहिली तरी पुढच्या वर्षीची साधारण तशीच असते. इथे त्याच नावाखाली पुढच्या वर्षी मोठी बॅटरी येते, चार्जिंगचा वेग वाढतो आणि कधीकधी वर किंमतही उतरते. म्हणजे आवारात उभी असलेली जुनी गाडी डीलरला जड झालेली असते, तिच्यावर खरी सूट आहे, आणि नेमकं हेच तो सांगत नाही. ताईने सरळ विचारलं, मला जी गाडी देणार ती कोणत्या महिन्यात बनली? 'मॅडम, तसं काही नसतं, सगळा फ्रेश स्टॉक.' तिने चेसिस नंबर मागितला. पुन्हा मॅनेजर. बऱ्याच वेळाने नंबर आला आणि निघालं असं की गाडी आदल्या वर्षीची. लिथियम बॅटरी नुसती उभी राहिली तरी म्हातारी होते. फुल चार्ज करून उन्हात ठेवली तर जरा लवकर. काही महिन्यांत फार मोठं नुकसान होतं अशातला भाग नाही, ताईही तसं म्हणत नव्हती. तिचं म्हणणं एवढंच, की जुनी आहे तर जुनी म्हणून विका आणि तसा भाव लावा.

डेमो गाडीचंही तेच. 'फक्त टेस्ट ड्राइव्हला वापरलीय, जवळजवळ नवीच.' असेल. पण रजिस्ट्रेशन झालं त्या दिवसापासून वॉरंटीचं घड्याळ बहुतेक वेळा सुरू झालेलं असतं. बॅटरीवर साधारण आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर मिळतात, त्यातली किती उरली हे कागदावर मागा. चीनमध्ये तर शून्य किलोमीटर चाललेल्या 'सेकंड हँड' गाड्या विकायची प्रथाच पडली. विक्रीचे आकडे फुगवायला गाडी आधी नोंदवून टाकायची आणि मग वापरलेली म्हणून स्वस्तात काढायची. २०२५ साली तिथल्याच एका मोठ्या कंपनीच्या अध्यक्षांनी यावर जाहीर बोंब मारली.

आणि सरकारी अनुदान! यावर मला सर्वात जास्त राग येतो. सरकार इलेक्ट्रिक गाडीवर काही देत असेल तर ते तुमचं आहे, डीलरचं नाही. तरी कोटेशनमध्ये 'एकूण सवलत' अशी एक जाडजूड ओळ असते. त्यात अनुदान, जुन्या गाडीचा एक्सचेंज बोनस, कंपनीची ऑफर आणि डीलरची स्वतःची सूट असा सगळा गोपाळकाला. ताईने पेन घेऊन त्या ओळीची फोड करायला लावली तेव्हा डीलरच्या वाट्याला काय उरलं? मॅट.

जर्मनीत १७ डिसेंबर २०२३ ला सरकारने अनुदान एका फटक्यात बंद केलं, आदल्या दिवशी जाहीर करून. गाड्या बुक केलेले लोक अधांतरी. मग काही मोठ्या कंपन्यांनी बुकिंगवाल्यांना तेवढी रक्कम स्वतःच्या खिशातून दिली. चांगलं केलं, मान्य. पण म्हणजे द्यायला होतं की! गिऱ्हाईक हातचं जाईल म्हटल्यावर सिस्टिममध्ये सगळं बसतं. ब्रिटनमध्ये कंपन्यांवर सक्ती आहे की विक्रीतला इतका हिस्सा शून्य उत्सर्जनाच्या, म्हणजे धूर न सोडणाऱ्या इलेक्ट्रिकसारख्या गाड्यांचाच हवा. २०२४ साठी २२ टक्के, २०२५ साठी २८. आकडा चुकला तर दंडाची टांगती तलवार. मग सवलती आपोआप बाहेर पडतात, तिथे कोणाला उठून निघायचं नाटक करावं लागत नाही.

बरं, थोडं शांत होतो.

तो सेल्समन पोरगा वाईट नव्हता. पार्किंगमध्ये तो मला जे म्हणाला ते त्याला बोचत असावं, असं आता वाटतं. नाहीतर मागे धावत येऊन सांगायची त्याला काय गरज होती? पगार तुटपुंजा, बाकी सगळं कमिशनवर, महिनाअखेरीला टार्गेटची टांगती तलवार त्याच्याही डोक्यावर. इलेक्ट्रिक गाडीचं प्रशिक्षण त्याला कोणी धड दिलेलं नव्हतं, म्हणून तो रंगांच्या कार्डामागे लपत होता. 'त्याला रडकुंडीला आणला' म्हणणाऱ्या मित्रांनो, तुम्ही मालकाला रडवलं नाहीत. आणि हो, डीलरलाही जागेचं भाडं आणि माणसांचे पगार असतात. इलेक्ट्रिक गाडीत ऑइल बदलणं नाही, दुरुस्ती कमी, त्यामुळे सर्व्हिसिंगमधून येणारा पैसा आटतो, हेही खरं. ते त्याने कंपनीशी भांडावं. माझ्या ताईच्या खिशातून का?

लगेच कोणीतरी लिहिणार, मग टेस्लासारखं करा, भावच नाही करायचा, वेबसाइटवर असेल तो आकडा. करा की! मला चालेल. २०२३ च्या जानेवारीत टेस्लाने किमती धडाधड कापल्या, अमेरिकेत काही मॉडेलवर वीस टक्क्यांच्या आसपास, आणि चीनमध्ये आधी गाडी घेतलेले लोक शोरूमसमोर जाऊन आरडाओरडा करू लागले. सगळ्यांना एकच भाव असला की घ्यायची वेळ चुकल्याचा राग येतो, हे कबूल. पण तो राग निदान सगळ्यांच्या वाट्याला सारखा येतो. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला तुमच्यापेक्षा कमी पडले का, हे विचारावं लागत नाही. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९९० मध्ये सॅटर्न नावाचा ब्रँड बाजारात आणला होता, ठरलेल्या किमतीचा, घासाघीस बंद. लोकांनी डोक्यावर घेतला होता. २०१० पर्यंत तोही गुंडाळला गेला. पण लोकांना नकोसा झाला तो एक भाव नव्हे. कंपनीने वेळेवर चांगली नवी मॉडेलं दिली नाहीत, असं माझं मत. वाद घालायचा तर घाला.

ताईने शेवटी काय केलं ते सांगतो, कारण त्या मुलीला कोणीच कामाचं काही सांगितलं नाही.

तिने शोरूमला जाणंच बंद केलं. एक ईमेल लिहिली आणि जितके डीलर जाऊन येण्याच्या टप्प्यात होते त्या सगळ्यांना तीच पाठवली. मॉडेल, व्हेरियंट, बॅटरी, रंग. ऑन-रोड एकूण रक्कम एका आकड्यात. अनुदान आणि डीलरची सूट वेगळ्या ओळींत. गाडी कोणत्या महिन्यात बनली. घरच्या चार्जरचं फिटिंग धरून की सोडून. ॲक्सेसरीज नकोत, इन्शुरन्स मी माझा बघेन. शून्य टक्के व्याजाचं कर्ज घेतलं तर रोख सूट जाते का, तेही लिहा. शुक्रवारपर्यंत उत्तर द्या, सर्वात कमी आकडा देणाऱ्याकडे मी येऊन सही करते.

बऱ्याच जणांनी उत्तर दिलं, 'मॅडम, शोरूमला या ना, बसून बोलू.' त्यांना तिने उत्तरच दिलं नाही. पण काहींनी आकडे लिहून पाठवले. आणि मित्रहो, पहिल्या शोरूमने 'याच्या खाली एक पैसा नाही' म्हणून छाती ठोकली होती, त्याच्या बऱ्याच खाली. तीच गाडी, तोच रंग, त्याच वर्षी बनलेली. ईमेलखाली फक्त आडनाव होतं, त्यामुळे समोर सर आहे की मॅडम हे कोणाला कळलं नाही. काही उत्तरं 'डिअर सर' म्हणून आली. तिने कोणालाच दुरुस्त केलं नाही.

यातही घासाघीसच आहे, मला माहीत आहे. फरक इतकाच की केबिनमधलं नाटक गेलं आणि आकडा कागदावर आला.

तर आता एक काम करा. गेल्या वर्षभरात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी इलेक्ट्रिक गाडी घेतलीय, फोटो पाहिलेत मी, लाइकही केलेत. खाली कमेंटमध्ये लिहा: मॉडेल, कोणत्या महिन्यात घेतली, आणि अनुदान वगळून डीलरने स्वतःची किती टक्के सूट दिली. तुम्ही किती हुशारीने मागितली ते नको, नुसता आकडा. 'इनबॉक्समध्ये सांगतो' चालणार नाही. ही पोस्ट मी त्या मुलीला टॅग करतोय, ती शनिवारी शोरूमला जाणार आहे, त्याआधी लिहा.